१३ मिलिमीटरची भिंत आणि कपाटातला रिपोर्ट

पत्राचा गोषवारा: नाशिक जिल्ह्यातल्या एका आईंनी लिहिलंय. मुलगा १९ वर्षांचा, उंची सहा फूट एक इंच, चार वर्षं रोइंग (बोट वल्हवण्याच्या शर्यतींचा खेळ) करतोय. पहाटे पाण्यावर, संध्याकाळी मशीनवर आणि जिममध्ये. फिटनेसच्या दाखल्यासाठी ईसीजी आणि टूडी इको (ध्वनिलहरींनी काढलेली हृदयाची चित्रं) काढला. रिपोर्टमध्ये हृदयाची भिंत १३ मिलिमीटर, डावा कप्पा ५८ मिलिमीटर, पंपिंग ५३ टक्के, नाडी ४८. डॉक्टर म्हणाले, "हार्ट मोठं झालंय, भिंत जाड आहे, खेळ बंद करा." प्रशिक्षक म्हणाले, "खेळाडूचं हार्ट असंच असतं, काही होत नाही." मुलाला अजून काही सांगितलेलं नाही, रिपोर्ट कपाटात साड्यांखाली आहे. निवड चाचणी अडीच महिन्यांवर. आणि ताजा कलम : "माझे मोठे दीर ३४व्या वर्षी शेतात काम करताना अचानक गेले. हार्ट अटॅक म्हणतात. पण ते काही खेळाडू नव्हते." त्या विचारतात, डॉक्टरांचं ऐकू की सरांचं?

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा लक्ष आकड्यांकडे गेलं, दुसऱ्यांदा ताज्या कलमाकडे. तुम्ही जाता जाता लिहिलेलं ते वाक्य मला सगळ्या पत्रात वजनदार वाटलं. त्याकडे येतेच. आधी मुलाच्या हृदयाबद्दल बोलू, कारण त्या आकड्यांनी तुमची झोप उडवलीय आणि त्यातल्या बहुतेकांनी ती उडायचं कारण नव्हतं.

पंपिंगपासून सुरुवात करते. ५३ टक्के म्हटलं की घरात सगळ्यांना शाळेतले मार्क आठवतात. शंभरात त्रेपन्न, म्हणजे जेमतेम पास! पण निरोगी हृदयसुद्धा एका ठोक्यात आतलं सगळं रक्त कधीच बाहेर टाकत नाही. साधारण निम्म्याहून थोडं जास्त ते सत्तर टक्क्यांपर्यंत टाकतं, बाकीचं आतच राहतं. आता घरातल्या भांड्यांचा हिशेब करून बघा. कळशीतून पाणी काढायचं तर ती बरीचशी रिकामी करावी लागते. हंड्यातून तेवढंच पाणी काढलं तर हंडा अर्धा भरलेला राहतो. समजा, एखाद्या साध्या तरुणाच्या डाव्या कप्प्यात १२० मिलिलिटर रक्त मावतं आणि तो ६३ टक्के बाहेर टाकतो. झाले ७६ मिलिलिटर. नाडी ६२ असली, तर मिनिटाला साधारण ४.७ लिटर. तुमच्या मुलासारख्या खेळाडूच्या कप्प्यात समजा १८० मावतं. त्यातलं ५३ टक्के म्हणजे ९५ मिलिलिटर. नाडी ४८ धरली, तर मिनिटाला साडेचार लिटर. बसलेल्या शरीराची गरज दोघांचीही जवळपास सारखीच, ती दोघंही भागवतात. एक पुष्कळ ठोक्यांत, दुसरा मोजक्या ठोक्यांत. बसल्या जागी त्याला हंडा उपसायची गरजच नसते. शर्यतीत लागते, तेव्हा हाच हंडा भराभर रिकामा होतो. म्हणून खेळाडूच्या पंपिंगबद्दल शंका आली, तर व्यायाम करवून त्याचा इको बघतात. श्रमाबरोबर टक्केवारी चढली की बहुतेक वेळा शंका मिटते.

कप्पा ५८ मिलिमीटर. हा आकडा सहा फूट एक इंचाच्या मुलाचा आहे. रिपोर्टच्या कोपऱ्यात छापलेली 'नॉर्मल' मर्यादा सगळ्या उंचीच्या माणसांसाठी एकच असते. इटलीत १९९९ साली १,३०० हून अधिक अव्वल खेळाडूंचे इको एकत्र मांडले, तेव्हा त्यातल्या ४५ टक्क्यांचा डावा कप्पा ५५ मिलिमीटर किंवा त्याहून मोठा निघाला, आणि १४ टक्क्यांचा तर ६० किंवा त्याहून जास्त. नाडी ४८ असणं हाही त्याच हृदयाचा दुसरा चेहरा. या दोन गोष्टींवर मी तुम्हाला एक मिनिटसुद्धा काळजी करू देणार नाही.

राहिली भिंत.

तुमच्या डॉक्टरांनी घाबरून खेळ बंद करा म्हटलं, त्याचं मूळ इथे आहे, आणि त्यांची भीती निराधार नाही. साध्या माणसाची ही भिंत साधारण ६ ते १० मिलिमीटरची असते. हृदयाच्या स्नायूचा एक आजार आहे, हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी. नाव लांबलचक आहे, आजार मात्र दुर्मीळ म्हणावा असा नाही, साधारण ५०० माणसांत एकाला असतो. त्यात भिंत कारण नसताना जाड होत जाते, आणि तरुण खेळाडू मैदानावर अचानक कोसळतात त्यामागच्या महत्त्वाच्या कारणांपैकी हे एक आहे. खेळाडूंत १३ ते १५ मिलिमीटर हा संधिप्रकाशाचा पट्टा समजतात. भिंत सरावानं जाड झालीय की आजारानं, हे नुसत्या जाडीवरून तिथे ठरवता येत नाही. तुमचा मुलगा या पट्ट्याच्या उंबरठ्यावर उभा आहे.

मग तुमचे सर म्हणतात ते? त्यांच्याही बोलण्याला मोठा आधार आहे. उप्सालाच्या हेन्शेन नावाच्या डॉक्टरांनी १८९९ साली स्कीइंग करणाऱ्यांच्या छातीवर बोटांनी टिचक्या मारून, आवाजावरून, त्यांची हृदयं मोठी असल्याचं सांगितलं होतं. ते मोठेपण बळाचं की बिघाडाचं यावर पुढे पुष्कळ वर्षं वाद चालला, कारण आत बघायची सोयच नव्हती. ती सोय झाली स्वीडनमध्येच. १९५३ साली लुंडच्या एडलर आणि हर्ट्झ या जोडीनं जहाजबांधणीच्या कारखान्यातून धातूतल्या भेगा शोधायचं ध्वनिलहरींचं यंत्र उसनं आणलं आणि माणसाच्या छातीवर लावलं. इकोचा जन्म तो. पुढे १९७५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी इकोवरून मांडलं की लांब पल्ल्याचं धावणाऱ्या-पोहणाऱ्यांचा कप्पा मोठा होतो, कारण त्यांच्या हृदयाकडे रक्ताचा लोंढा येतो. आणि कुस्तीसारख्या ताकदीच्या खेळात भिंत जाड होते, कारण जोर लावताना रक्तदाब प्रचंड चढतो. आज हे चित्र इतकं सरळ राहिलेलं नाही. पण रोइंगला ते चपखल बसतं, कारण रोइंगमध्ये दोन्ही एकदम घडतं. दोन किलोमीटरची शर्यत, सहा-सात मिनिटं. प्रत्येक वल्ह्याला पाय, पाठ, हात सगळ्यांचा जोर एका झटक्यात लागतो, तेव्हा दाब चढतो; आणि श्वास घेत घेत ते अखंड चालू राहतं, तेव्हा लोंढा येतो. तुमच्याच जिल्ह्यातले, चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ २०१६ साली रिओ ऑलिंपिकपर्यंत वल्हवत गेले. त्या पातळीवर पोचायला शरीराला काय काय बदलावं लागतं, त्यात हृदय पहिल्या रांगेत आहे.

आता एक आकडा, जो तुम्ही डॉक्टर आणि सर दोघांनाही दाखवू शकता. १९९१ साली इटलीतल्याच ९४७ अव्वल खेळाडूंची भिंत मोजली होती. १३ मिलिमीटर किंवा जास्त जाड भिंत फक्त १६ जणांची निघाली. त्या १६ पैकी १५ जण रोइंग किंवा कनूइंगवाले (कनूइंग म्हणजे छोटी होडी वल्हवणं), एक सायकलपटू. बाकी बावीस खेळांतल्या ७२८ खेळाडूंत एकही नाही. आणि त्या सोळाही जणांचा कप्पा मोठा होता, ५५ ते ६३ मिलिमीटर. ही शेवटची ओळ तुमच्या मुलाच्या बाजूनं बोलते, कारण त्या आजारात भिंत आतल्या जागेवर अतिक्रमण करते आणि कप्पा सहसा लहान राहतो, बऱ्याचदा ४५ मिलिमीटरच्याही आत. तुमच्या मुलाचा ५८ आहे. पण याच आकडेवारीची दुसरी बाजूही बघा. रोइंग, कनूइंग, सायकलिंग करणाऱ्या २१९ पैकी १६, म्हणजे शंभरात सात. उरलेले त्र्याण्णव अव्वल असूनही १३ च्या खालीच होते. "खेळाडूचं हार्ट असंच असतं" यातला 'असंच' मला मान्य नाही. बहुतेकांचं असं नसतं. ज्याचं असेल त्याचं नीट बघायलाच हवं.

नीट म्हणजे कसं, ते सांगते. माझ्याकडे असा मुलगा इकोला आला की मी त्याला डाव्या कुशीवर झोपवते, दिवे मंद करते आणि आधी काही मोजत नाही, नुसती बघत बसते. नाडी ४५-४८ असली की दोन ठोक्यांच्या मध्ये इतका वेळ जातो की बाजूला उभी असलेली आई श्वास रोखून धरते. पुढचा ठोका येतो की नाही! तो येतो. त्या मधल्या वेळात मी बघते ते हृदयाचं सैल होणं. कप्पा भरण्यासाठी भिंतीनं चटकन मागे सरायला हवं. झडपेच्या कडेचा स्नायू किती वेगानं मागे येतो ते आम्ही टिश्यू डॉपलरनं मोजतो. सरावानं घडलेल्या हृदयात हा वेग सेकंदाला १२-१५ सेंटिमीटर, कधी त्याहूनही जास्त दिसतो. हृदय रबरासारखं उघडतं, रक्त आत ओढून घेतं. आजारी भिंत कडक असते, तिचा वेग बऱ्याचदा ८ च्या खाली रेंगाळतो. तुमच्या रिपोर्टमध्ये आवळण्याचा, म्हणजे पंपिंगचा, आकडा आहे, सैल होण्याचा एकही नाही. एका पानात मावणाऱ्या घाईच्या इकोत तो बऱ्याचदा नसतो, आणि खेळाडूच्या बाबतीत नेमका तोच हवा असतो.

दुसरं म्हणजे मोजमाप. काकडी सरळ कापली तर चकती गोल येते, तिरकी कापली तर लांबट. हृदयाच्या भिंतीचंही तसंच. ध्वनिलहर तिरकी गेली, किंवा उजव्या कप्प्यातली एखादी स्नायूची दोरी भिंतीत धरली गेली, की ११ चे १३ व्हायला वेळ लागत नाही. १३ हा आकडा खरा आहे का, हाच पहिला प्रश्न. तो परत, खेळाडूंचे इको करायची सवय असलेल्या हातानं, वेगवेगळ्या कोनांतून मोजून घ्या. जाडी सगळीकडे सारखी आहे की एकाच ठिकाणी फुगवटा आहे, हेही लिहून मागा. सरावाची जाडी सहसा सारखी पसरलेली असते, आजाराची बऱ्याचदा एकीकडे झुकलेली.

आता तुमचे दीर.

"पण ते काही खेळाडू नव्हते" असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे त्यांचं जाणं आणि मुलाचं हृदय यांचा संबंध नाही असं तुम्ही धरून चाललात. ताई, मी ते उलट वाचते. या आजाराला खेळ लागत नाही, तो रक्तातून येतो. आई-वडिलांपैकी एकाला असला तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी. कित्येकांना जन्मभर काही त्रास होत नाही आणि त्यांना तो असल्याचं कळतही नाही. तुमच्या दिरांना तोच आजार होता असं मी म्हणत नाही. ३४व्या वर्षी खरा हार्ट अटॅकही येतो, आपल्याकडे तर तो कमी वयात येतोच. शेतात आणखी दहा कारणं असतात. पण गावाकडे अचानक गेलेल्या प्रत्येक माणसाला 'हार्ट अटॅक' हेच नाव मिळतं. जाऊबाईंना आणि सासूबाईंना विचारा, त्यांना आधी कधी चक्कर येऊन पडल्याचं आठवतं का? धावताना, ओझं उचलताना छातीत धडधड? पोस्टमॉर्टेम झालं होतं का, त्याचा कागद आहे का? विषय दुखरा आहे, हे मला कळतं. नातवासाठी विचारतोय म्हटलं तर सांगतील.

आणि तुमच्या मिस्टरांचा ईसीजी आणि इको करून घ्या. ते दिरांचे सख्खे भाऊ आहेत आणि आजपर्यंत त्यांच्या हृदयाकडे कुणी बघितलेलं नाही. या वयात त्यांचे दोन्ही रिपोर्ट स्वच्छ आले तर मुलाबद्दलची माझी काळजी पुष्कळ कमी होईल. त्यात काही निघालं तर दोघांनाही वेळेत कळेल.

डॉक्टर की सर, या प्रश्नाला म्हणून मी तिसरं उत्तर देते. तपासण्या होईपर्यंत शर्यत, मशीनवरच्या वेळ लावून केलेल्या चाचण्या आणि जड वजनं बंद. घरात अचानक मृत्यू झालेला नसता तर मी कदाचित एवढं कडक सांगितलं नसतं. पण ही बंदी काही आठवड्यांची आहे, आयुष्याची नाही. 'खेळ बंद' हा शब्द १९ वर्षांच्या मुलाला एका आकड्यावरून सांगायचा नसतो. तो त्याचं सगळं आयुष्य उलटंपालटं करतो.

तपासण्या क्रमानं करा, म्हणजे पैसेही उगीच जाणार नाहीत. आधी ईसीजी खेळाडूंचे निकष माहीत असलेल्या हृदयरोगतज्ज्ञांकडून वाचून घ्या. मंद नाडी, उंच लहरी हे खेळाडूत चालतं. डाव्या बाजूच्या लीड्समध्ये (ईसीजीच्या तारांनी टिपलेल्या रेघांत) उलट्या पडलेल्या टी लहरी, म्हणजे ठोक्यानंतरच्या छोट्या लहरी, चालत नाहीत, मग इको कितीही छान असो. सोबत नवा इको, रक्तदाब, श्वासाचा वायू मोजणारी व्यायाम चाचणी आणि २४ तासांचा होल्टर, म्हणजे अंगावर लावून दिवसभर चालणारा ईसीजी. एवढ्यावर बहुतेक मुलांचा उलगडा होतो. शंका उरली तरच एमआरआय. त्यात इकोला न दिसणारं टोकाकडचं जाडेपण आणि स्नायूतले व्रण दिसतात. त्यापुढे जनुकांची तपासणी.

इतकं करूनही संधिप्रकाश राहिलाच, तर एक जुना उपाय आहे : साधारण तीन महिने पूर्ण विश्रांती आणि परत इको. १९९३ साली सहा ऑलिंपिक खेळाडूंवर हे करून बघितलं होतं; सराव थांबल्यावर सुमारे तीन महिन्यांत त्यांच्या भिंती २ ते ५ मिलिमीटरनं उतरल्या. सरावानं चढलेलं सराव थांबल्यावर उतरतं, आजाराचं सहसा उतरत नाही. यात निवड चाचणी जाईल हे खरं. म्हणून हा उपाय मी शेवटी ठेवते, सुरुवातीला नाही. पण तिथपर्यंत जायची वेळ आली तर एक हंगाम द्यावा असं माझं मत आहे. रोइंग करणारे पंचविशी-तिशीतही ऐन भरात असतात, त्याच्यापुढे हंगाम पुष्कळ आहेत.

आणि आजार निघालाच तर? पूर्वी सरसकट जन्माची बंदी असायची. आता मार्गदर्शक सूचना बदलल्या आहेत; प्रत्येकाचा धोका वेगवेगळा मोजून, खेळाडू आणि घरच्यांशी बोलून निर्णय घेतात. त्या दिवशी कुणी पाच मिनिटांत निकाल दिला, तर दुसरं मत घ्या.

आता कपाटातल्या रिपोर्टबद्दल. तो मुलाला दाखवा, आजच. तुम्ही त्याला घाबरवायचं नाही म्हणून लपवलात. पण सगळ्यात महत्त्वाची माहिती फक्त त्याच्याकडे आहे. पाण्यावर जोरात असताना कधी डोळ्यांपुढे अंधारी आली का? शर्यत संपल्यावर नव्हे, चालू असताना? छातीत दुखलं, ठोके वेडेवाकडे पडले, बरोबरीच्या मुलांपेक्षा दम लवकर लागायला लागला? खेळाडू ही गोष्ट घरी सांगत नाहीत, कारण सांगितलं की बोट सुटते. तो सांगेल, पण आधी तुम्ही त्याच्याशी खरं बोलायला हवं. आणि एक अवघड प्रश्न, जो शक्यतो वडिलांनी किंवा डॉक्टरांनी एकट्यात विचारावा : जिममध्ये कुणी इंजेक्शन, गोळ्या दिल्यात का? पावडरच्या डब्यात काय आहे? स्टेरॉइडनं भिंत जाड होते आणि सैल होणंही बिघडतं. रागावून विचारलंत तर उत्तर मिळणार नाही.

असा रिपोर्ट हातात असलेल्या बाकीच्या वाचकांसाठी दोन गोष्टी. मुलींच्या हृदयाला हेच आकडे लावू नका. १९९१ च्या त्या पाहणीत २०९ खेळाडू महिलांपैकी एकीचीही भिंत ११ मिलिमीटरच्या वर नव्हती. त्यामुळे मुलीची भिंत १२ आली तरी लक्ष द्यायला हवं. आणि चाळिशीनंतर मॅरेथॉनकडे वळलेल्यांनी चांगल्या इकोवर विसंबू नये. त्या वयात धोका मुख्यतः रक्तवाहिन्यांतल्या अडथळ्यांचा असतो, आणि पडून काढलेल्या इकोत ते दिसतीलच असं नाही. ताप अंगात असताना सराव मात्र कुठल्याच वयात नको, हृदयाच्या स्नायूला सूज असू शकते.

तुमच्या सरांना माझा एक निरोप द्या. बोट क्लबवर छाती दाबून जीव वाचवण्याचं प्रशिक्षण सगळ्यांनी घ्यावं आणि शॉक देणारं एईडी यंत्र जमेल तसं आणावं. हे तुमच्या एकट्या मुलासाठी सांगत नाही. पाण्यावरून दवाखान्यात पोचायला किती मिनिटं लागतात, ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

नव्या इकोला जाताना जुन्याचा नुसता कागद नेऊ नका. जिथे काढला तिथून त्याच्या हलत्या चित्रांची सीडी किंवा फाइल मागून घ्या, म्हणजे १३ कुठून मोजले ते बघता येईल. आणि मिस्टरांची वेळ त्याच दिवशीची घ्या. मुलाला आत एकट्याला जायला लागू नये.